दाजी जेवत नाहीत

माझे दाजी देवराम विधाते यांना मखमलाबादच्या लोकांनी जवळजवळ साधू करून टाकलं होतं. वास्तविक दाजींचं देवाशी फारसं सख्य नव्हतं. ते देवळात जात ते झेंडूच्या माळा पोचवायला, आणि चपला न काढता बाहेरच्या बाहेर परत येत. पण माणूस जेवत नाही म्हटल्यावर आपल्याकडे लोक पुढचं काही विचारतच नाहीत. जास्त खाणाऱ्याला हसतात, न खाणाऱ्याच्या पाया पडतात. मी पंचवटीत नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण. पोरांच्या डोक्यात काही शिरलं नाही की माझं डोकं फिरतं, पण मोठ्या माणसांच्या डोक्यात हे जे शिरलं होतं ते काढताना माझी जी चिडचिड झाली, तिला तोड नाही.

खरं तर दाजींइतकं चवीनं जेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता. त्यांचा मळा मखमलाबादच्या रस्त्याला, कालव्याच्या खालच्या अंगाला. कोबी, फ्लॉवर, मेथी, कोथिंबीर आणि बांधाच्या कडेनं झेंडू. सकाळभर पिकाला पाणी देऊन दाजी वस्तीवर येत आणि चुलीपुढेच बसकण मारत. माझी थोरली बहीण यशोदा, म्हणजे आमची आक्का, तव्यावरून भाकरी काढायची आणि ती ताटात पडायच्या आत दाजींनी मोडलेली असायची. हिरव्या मिरचीचा ठेचा, त्यावर कच्च्या तेलाची धार, बुक्कीनं फोडलेला कांदा. जेवताना बोलायचे नाहीत, फक्त मधूनमधून आक्काकडे बघून मान हलवायचे. आक्काला एवढ्यावर दिवस काढता यायचा. मी मेव्हणी, मला चेष्टा करायचा हक्क होता, तो मी पुरेपूर वापरायची. “दाजी, आमच्या आक्काशी लग्न केलंत की तिच्या भाकरीशी?” असं विचारलं की म्हणायचे, “मास्तरीणबाई, आधी भाकरी बघितली, मंग आक्का.”

त्यांना एकच मुलगी. आधीची दोन मुलं दगावली होती. मग वणीच्या देवीला नवस बोलून ही झाली, म्हणून तिचं नाव नवसा. त्या काळी आमच्याकडे मुलगा झाला तर पेढे वाटायचे, मुलगी झाली तर बर्फी, आणि बरेच लोक मुलगी झाली तर काहीच वाटायचे नाहीत. दाजींनी पेढे वाटले. कुणीतरी म्हणालं, देवराम, तुझं काहीतरी चुकतंय. दाजी म्हणाले, “मह्या घरात काय झालंय ते मला ठाव हाय,” आणि त्या माणसाच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला. पोरीला ते खांद्यावर बसवून मळाभर फिरवायचे. तिला चालता येत होतं तेव्हाही फिरवायचे.

चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात फ्लॉवरवर अळी पडली. त्या वेळी सगळेच एंड्रीन नावाचं कीड मारायचं औषध फवारत. तोंडाला फडकं बांधायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी दाजींनी ऐकलं असतं असं मी म्हणणार नाही. पाठीला पंप लावून वाऱ्याच्या तोंडाला ते दुपारपर्यंत फवारत राहिले आणि वाफ्यातच कोसळले. तोंडातून फेस येत होता. बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. वाचले, पण घरी आल्यावर डोकं दुखायचं, पोटात आग पडायची, आणि जे खातील त्याला औषधाचा वास यायचा. भाकरीला यायचा, दुधाला यायचा. “तोंडात बसलाय तो वास,” म्हणायचे.

त्र्यंबकच्या रस्त्याला तेव्हा एक निसर्गोपचाराचा आश्रम होता. एक म्हातारे गृहस्थ तो चालवत. दाजींना तिथे नेलं. पोटावर ओल्या मातीची पट्टी, सकाळी लिंबू-मधाचं पाणी, मोड आलेले मूग, कच्ची काकडी, कच्चं गाजर. तेल, तिखट, साखर, चहा बंद. आणि दाजींना गुण आला. डोकं दुखायचं थांबलं, पोटातली आग गेली, रंग उजळला. याचं श्रेय मी त्या गृहस्थांना मनापासून देते. त्यांनी निघताना स्पष्ट सांगितलं होतं, “महिनाभर हे पाळा. मग हळूहळू घरचं जेवायला लागा.” मी शेजारीच उभी होते. दाजींनी यातलं पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं ऐकलं नाही.

सुरुवातीला घरात कौतुकच होतं. दाजींनी घरामागे एक वेगळा वाफा केला, त्यावर औषध म्हणून मारायचं नाही. पानं किडकी यायची, पण मेथीला चव अशी की मी पिशवी भरून घरी न्यायची. दाजी मला समजावून सांगायचे की साखर हे पांढरं विष आहे, मीठ पांढरं विष आहे, मैदा पांढरं विष आहे. मी म्हटलं, “मग दाजी, खडूचं काय? माझा तर सगळा जन्म त्यात चाललाय.” ते हसले. तेव्हा अजून हसायचे. इथपर्यंत मीही त्यांच्याच बाजूची होते, कारण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्या माणसानं ते औषध छातीत भरून घेतलं होतं, त्याला पानावर काय बसतं ते कळणारच.

पण पुढे एकेक पदार्थ दाजींच्या जेवणातून जो निघाला तो परत आला नाही. चहा गेला, मग दूध गेलं, कारण गाय कुठला चारा खाते कोण जाणे. तांदूळ गेला, गहू गेला. बाजरी बरेच दिवस टिकली, मग एक दुकानदार पोत्यात पावडर टाकताना दिसला आणि बाजरीही गेली. शेवटी उरले ते मूग, मागच्या वाफ्यातला पाला आणि ऋतूप्रमाणे एखादं गाजर. तेही दाजी स्वतः निवडायचे, स्वतः धुवायचे, स्वतःच्या पितळीत भिजवायचे. त्या पितळीला आक्कानं हात लावायचा नाही. आक्का चुलीपुढे बसून भाकऱ्या थापायची आणि दाजी ओसरीवर पाठमोरे बसून मूग चावायचे, एकेक घास इतका वेळ की बघणाऱ्याचा जबडा दुखावा. आक्का भांडणारी बाई नाही. तिनं मला एकदाच विचारलं, “लते, मह्या हाताला काय झालंय गं?” मी घरी येऊन माझ्याच भांड्यांवर राग काढला.

एक मात्र सांगितलंच पाहिजे, नाहीतर दाजींवर अन्याय होईल. ते लबाड नव्हते. बुधवारचा बाजार गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी भरतो, तिथे आक्का आणि ते भाजी घेऊन बसायचे. एका बुधवारी मी गेले तर गिऱ्हाईक समोर उभं, हातात फ्लॉवरचा गड्डा, आणि दाजी हळूच सांगताहेत, “बाई, हा नका घेऊ. याच्यावर मी कालच फवारा मारलाय. पलीकडच्या म्हातारीकडं जा, तिच्याकडं औषधाला पैसा नसतो.” ती बाई गड्डा ठेवून खरंच पलीकडे गेली. मग दुसरीलाही तसंच. आक्कानं तराजू खाली ठेवला, दाजींकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुमी घरी जा. झेंडू घेऊन बसा. झेंडू कुणी खात नाय.” त्या दिवसापासून दाजी फुलांकडे आणि आक्का भाजीकडे अशी वाटणी झाली. मळ्यात औषध मारायचं काम गड्यावर गेलं. मी हसत हसत घरी आले, पण रात्री लक्षात आलं की दाजींचं मनगट मी पहिल्यांदाच एवढं बारीक पाहिलंय.

ज्या शर्टाची बटणं पोटावर ताणायची, त्या शर्टात आता दुसरा एक देवराम मावला असता. माझ्या घरचा जिना चढताना धापा टाकायचे. मी आक्काला बरोबर घेऊन त्यांना हाताला धरून पंचवटीतल्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाता? दाजींनी अभिमानानं सांगितलं. डॉक्टर स्वतः चांगले गोल होते. त्यांनी दाजींकडे कौतुकानं पाहिलं, मग आक्काकडे वळून म्हणाले, “वहिनी, यांच्याकडून शिका. सगळ्यांनी असा आहार घेतला तर माझा दवाखाना बंद पडेल.” शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या दाजी घेणार नव्हते हे सांगायला नकोच. मी दवाखान्यातून बाहेर पडताना दार एवढं आपटलं की कंपाउंडर उठून उभा राहिला.

गावानं तर कहर केला. दाजी लग्नाच्या पंगतीत बसत नाहीत, बारशाच्या घुगऱ्या घेत नाहीत, चहाला नको म्हणतात, सकाळी गार पाण्यानं अंघोळ करतात, हळू बोलतात. हळू बोलायचे कारण अंगात ताकद नव्हती. पण लोकांना त्यात शांती दिसली. भजनात त्यांना पुढे बसवायला लागले. भागीबाई म्हणून एक शेजारीण होती, तिनं नातवाला ताप आला तर दवाखान्यात न नेता दाजींकडे आणलं आणि म्हणाली, “भाऊ, नुसता डोक्यावर हात ठेवा.” दाजी गोंधळून म्हणाले, “अगं, याला डॉक्टरकडं ने.” ती म्हणाली, बघा, किती नम्र! मान कुणाला नको असतो? दाजींनाही तो थोडा आवडला असणार. आणि मान मिळायला लागल्यावर जेवायची सोय आणखीच बंद झाली. साध्या माणसाला भूक लागली तर तो मागून खातो. साधूनं कुणाकडे मागायचं?

नवसाचं लग्न एकोणऐंशी साली विंचूरच्या भिकनशी झालं. पोरगा कांद्याच्या बाजारात वजनकाट्यावर होता, सरळ, कष्टाळू. त्याची आई सरुबाई मोठ्या तोंडाची आणि त्याहून मोठ्या मनाची. आमच्याकडे रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं खायचं नाही, कडक पाळणारे पाणीसुद्धा पीत नाहीत. हल्ली कोण पाळतं! भिकनच्या बरोबरीच्या जावयांचे सासरे तर भजी खाऊन, पान खाऊन जायचे. दाजींनी मात्र ती रीत घट्ट धरली. महिन्या-दोन महिन्यांनी लेकीला भेटायला एसटीनं विंचूरला जायचे, तिच्यासाठी वाफ्यातली मेथी न्यायचे, दिवसभर बसायचे, घरून नेलेलं पाणी प्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचे. सरुबाई सगळ्या गल्लीला सांगायची, “बाप असावा तर असा. पोरीच्या घरचा घोट घेत नाय.” निघताना त्यांच्या पाया पडायची.

नवसाला मात्र खरं ठाऊक होतं. ती मला म्हणायची, “मावशी, रीतबीत काही नाही. नाना आईच्या हातचं तरी कुठं खातात? पण एकदा मला लेकरू होऊ दे. मग त्यांना कारण उरणार नाही. मग मी त्यांना जेवायला घालीन, बघ.” पोरीला मूल व्हायला पाच वर्षं लागली. बायका मुलासाठी नवस करतात, उपास करतात. आमच्या नवसाचा एक डोळा लेकराकडे आणि एक बापाच्या ताटाकडे होता.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती बाळंतपणाला मळ्यावर आली आणि तिला मुलगी झाली. छान, गुटगुटीत, आजोबांसारख्या कानांची. दाजी तिला मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हते. इतक्या वर्षांत मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं हसताना ऐकलं. बारसं झालं, पावसाळ्याच्या तोंडाला नवसा लेकीला घेऊन सासरी गेली, आणि पुढच्याच आठवड्यात भिकन रीतसर आवतन घेऊन मळ्यावर आला. म्हणाला, “आता तुम्हाला अडचण नाही. आईनं सांगितलंय, पहिलं जेवण मोठं करायचं. पुरण घालणार आहे. नवसा तर कधीपासून दिवस मोजतेय.”

आक्का तिथेच होती, तिनंच मला हे नंतर सांगितलं. दाजींचा चेहरा उतरला. बराच वेळ ते झेंडूची फुलं निवडत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, “जावईबापू, मुलगी झालीय. आमच्यात मुलगा झाल्याबिगर लेकीकडं जेवत नायत. पुढं बघू.”

भिकन चहा पिऊन गेला. आमच्यात असली रीत नाही, कधी नव्हती. मूल म्हणजे मूल. पण आमच्या घराण्याच्या रीती त्याला काय माहीत! त्यानं घरी जाऊन जे ऐकलं ते सांगितलं. ज्या बापानं तिच्या जन्माला पेढे वाटले, तो तिच्या मुलीला कमी लेखतो, हे नवसाच्या कानावर असं पडलं. तिला एवढंच ऐकू आलं. मलाही तेवढंच ऐकू आलं असतं.

दिवाळीला ती आली नाही. लग्नानंतर एकही दिवाळी चुकली नव्हती. भिकन एकटाच फराळाचा डबा घेऊन आला आणि निरोप दिला, “नवसा म्हणते, मुलगा झाला की येईन.” आक्कानं पदर तोंडाला लावला. मी त्या दिवशी तिथे होते आणि मला तेव्हा पहिल्यांदा सगळं कळलं.

भिकन गेल्यावर मी दाजींना झेंडूच्या वाफ्यात गाठलं. मी त्यांना काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. मेव्हणीची चेष्टा त्यात नव्हती. म्हटलं, “तुम्ही मुगासाठी पोर विकलीत. त्या लेकराला मांडीवर घेऊन हसत होतात, ते काय होतं? पेढे वाटणारा देवराम कुठे गेला?”  दाजी बांधावर बसले. म्हणाले, “लताबाई, ती नात मला जिवापेक्षा प्यारी हाय. तोंडाला येईल ते बोललो मी. ताटाचं नाव काढलं आन मला दुसरं काय सुचलंच नाय.”

“ताटात काय आहे एवढं?”

“भ्या वाटतं.” साठीकडे झुकलेला माणूस, पोरासारखा रडत होता. “ताट समोर आलं का मला पंप पाठीला लावल्यासारखं वाटतं. घास उचलला का छाती धडधडती. मी फवारलेलं लोकांनी खाल्लं, आन माझ्या पुढ्यात तेच आलंय असं वाटतं. मूग मह्या हातचे असत्यात, तेवढेच उतरत्यात. आता तेबी कमी उतरत्यात. मी येडा झालोय का, सांगा. तुमी शिकलेल्या हाय.”

मी शिकलेली होते खरी. भूक मेल्याचा आजार मी ऐकला होता. भूक असून अन्नाला भिण्याचा आजार मी ऐकला नव्हता, आणि चांगलं खाण्याच्या ध्यासातून तो होऊ शकतो हे कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाही वेड्यात काढलं असतं. मला एवढंच दिसलं की हा माणूस साधू नाही, हट्टीही नाही, आजारी आहे, आणि आम्ही सगळे इतकी वर्षं त्याच्या आजाराच्या पाया पडत होतो. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, “वेडे नाही. पण हे नवसाला सांगायला पाहिजे. तुम्ही स्वतः.”

“आन लोकं?”

“लोकांना पाया पडायला दुसरं कुणी मिळेल.”

पुढची हकीकत आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट ताणायचा मला कंटाळा आहे. दाजी पूर्ण बरे झाले असं मी म्हणणार नाही. हॉटेलातला चहा त्यांनी शेवटपर्यंत घेतला नाही, आणि कोबी तर त्यांच्या समोर कापायचीही नाही. वाईट दिवस यायचे, तेव्हा ते पुन्हा पितळी घेऊन ओसरीवर जाऊन बसायचे. पण आक्काच्या हातची भाकरी ते खायला लागले. शर्ट पुन्हा अंगाला बसला. भजनात त्यांना मागे बसवू लागले, आणि भागीबाईनं तर सगळीकडे सांगितलं की देवरामभाऊंचं तप मोडलं. दाजींना त्याचं वाईट वाटलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही. हे सगळं सुरू कसं झालं, ते सांगते.

दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही तिघं विंचूरला गेलो. आधी निरोप धाडला होता. सरुबाईनं दारातच पायावर पाणी घातलं. घरात पुरणाचा वास भरला होता. पाट मांडले, दाजींपुढे मोठं ताट आलं: पुरणपोळी, तुपाची वाटी, आमटी, कुरडया, भजी. नवसा स्वयंपाकघरातून बाहेर आली नव्हती. आमच्याशी दोन शब्द बोलली होती, बापाशी एकही नाही. दाजी ताटाकडे बघत बसले. कपाळावर घाम आला. सरुबाई म्हणाली, “व्याही, आता कसला संकोच? घ्या ना.”

दाजींचा हात ताटाकडे गेला आणि मांडीवर परत आला. मग ते म्हणाले, “नवसाला बोलवा.”

ती आली. कडेवर लेकरू होतं. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, नजर जमिनीकडे.

“नवसे,” दाजी म्हणाले, “मुलीचं मी खोटं बोललो. तशी रीत नाय आपल्यात. लेकीकडं मूल होईस्तोवर जेवायचं नाय, तीबी रीत मी पाळत नव्हतो. मी तिच्या आड लपत होतो. मला जेवणाचं भ्या वाटतं. लय वर्सं झाली. तुह्या आईच्या हातचंबी उतरत नाय. लोकं म्हणत्यात मी त्यागी. मी काय त्यागलं नाय, पोरी. मी भ्यालोय.”

एवढं एका दमात बोलून त्यांना धाप लागली. भिकन उभा होता तो खाली बसला. सरुबाईच्या हातात तुपाचं भांडं तसंच राहिलं.  “म्हंजी पाच वर्सं,” ती म्हणाली, “पाच वर्सं तुमी ह्या घरात उपाशी बसत होता, आन मी तुमच्या पाया पडून तुम्हाला उपाशीच गाडीत बसवत होते?”

 नवसा पुढे आली. लेकरू तिनं आक्काच्या मांडीवर दिलं, बापापुढचं भरलेलं ताट उचललं आणि आत घेऊन गेली. मला वाटलं, संपलं. पण ती परत आली तेव्हा तिच्या हातात एकच भाकरी होती, तव्यावरची, वाफ निघणारी. ती दाजींच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली. भाकरीचा पापुद्रा काढला, तुकडा मोडला, स्वतःच्या तोंडात घातला आणि चावून खाल्ला. मग दुसरा तुकडा मोडून तळहातावर धरला.

“माझ्यासाठी खाऊ नका,” ती म्हणाली. “रीत म्हणूनही नको. मी एवढंच विचारते, नाना. तुम्हाला भूक लागलीय का?”

दाजींनी तिच्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. दहा वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. काय खाता, काय सोडलंत, कसं जमतं, हे सगळ्यांनी विचारलं होतं. मीसुद्धा तेच विचारलं होतं.

“लागलीय गं,” दाजी म्हणाले. “लय भूक लागलीय.”

त्यांनी तुकडा घेतला. तोंडात घालायला फार वेळ लागला. सरुबाई हळूच उठली आणि आत जाऊन दुसरी भाकरी थापायला बसली.